मिर्ची गेला

“मिर्ची गेला,” एवढंच बोलून प्रशिक ताटावरून उठला.

अंजनाबाईंना वाटलं, वरणात मिर्ची कमी पडली. पोरगा हिंदी शाळेत शिकलेला. त्याच्या मराठीत बाई आणि बाप्या कायम एकमेकांच्या जागी बसायचे, तेव्हा मिर्ची ‘गेली’चं ‘गेला’ झालं असेल. संध्याकाळी त्यांनी वरणाला लाल मिरच्यांची जबर फोडणी दिली. प्रशिकनं पहिला घास घेतला, त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि तो पुन्हा उठून गेला.

“आता जास्त झाली वाटते,” अंजनाबाई म्हणाल्या.

प्रशिकचे वडील, दयाराम मेश्राम, त्याच्या ताटाकडे पाहत राहिले. रेल्वेच्या वॅगन कारखान्यात त्यांनी नोकरीत जन्म काढला होता. चाकावर हातोडी मारली की आवाजावरून तडा कुठं आहे ते त्यांना कळायचं. घरातल्या माणसाला असं ठोकून पाहता येत नाही, ही त्यांची अडचण होती. प्रशिक रायपूरच्या पंडरी भागात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करायचा, वेळेवर जायचा, वेळेवर यायचा, आणि बापाशी ‘हव’ आणि ‘नहीं’ यांपलीकडे फारसा बोलायचा नाही. त्यामुळे तो बोलायचा थांबलाय हेच त्यांना उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी तो कामाला गेल्यावर अंजनाबाईंनी धुण्याचे कपडे काढायला त्याचं कपाट उघडलं. आतून एका रेड्यानं त्यांच्याकडे पाहिलं.

किंकाळी गुढियारीच्या अर्ध्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, ऐकू गेली. शेजारच्या कांताबाई मधली भिंत ओलांडूनच आल्या. तोवर दयारामांनी ते डोकं बाहेर काढून पलंगावर ठेवलं होतं. काळंभोर, केसाळ, दोन्ही बाजूंना वळलेली शिंगं, आणि चेहऱ्यावर थोडं लाजरं हसू.

“हे तं फरी हाय!” कांताबाईंनी निदान केलं. “माह्या भाच्यानं व्हिडिओ पाठवला होता. हे लोक सोताले जनावर समजते. चार पायांवर चालते, कटोऱ्यात खाते. अन् हे कातडं हाय ना, जित्या जनावराचं काढते म्हंते.”

“अवं माय!” अंजनाबाई मटकन खाली बसल्या.

“अजून बी काय काय करते, पण ते मी भाऊसमोर सांगू शकत नाही.”

“मंग माह्यासमोर सांग.”

“तुमच्यासमोर बी नाही. मलेच पुरतं समजलं नाही.”

दयारामांनी डोकं उलटं करून आत पाहिलं. आत गादीचा फोम होता आणि वरचं कातडं म्हणजे नकली केसांचं कापड होतं. पण कातड्याचं दुःख त्यांना नव्हतंच. त्यांचं दुःख वेगळं होतं.

“बनायचंच होतं तं वाघ बनायचं ना,” ते म्हणाले. “रेडा काहून?”

त्या दिवसापासून अंजनाबाईंची नजर पोरावरून हटेना. तो बुटाची लेस बांधायला वाकला तरी त्यांचा श्वास अडकायचा. तो जेवत नव्हताच. शेवटी आईचं काळीज, त्यांनी मनाशी ठरवलं की पोट्टा काही का असेना, उपाशी राहायला नको. त्यांनी दहीभात एका स्टीलच्या कटोऱ्यात कालवला आणि त्याच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी हळूच जमिनीवर ठेवला.

प्रशिकनं दार उघडलं. खाली कटोऱ्याकडे पाहिलं, वर आईकडे पाहिलं. आई त्याच्याकडे डोळ्यांत पाणी आणून, अतिशय मायेनं पाहत होती. त्यानं दार लावून घेतलं आणि आतून हुंदक्यांचा आवाज येऊ लागला.

कांताबाईंनी दुर्ग रस्त्यावरचा एक बाबा सुचवला. दयाराम उखडले. “आपल्या घरात बाबा-फाबा चालत नाही. बाबासाहेबांनी आपल्याले अक्कल दिली हाय. डॉक्टरले दाखवू.”

रविवारी सकाळी ते एकटेच डॉक्टरकडे गेले. पण मानसोपचारवाल्या दवाखान्याच्या बाकावर कारखान्यातले दोन जुने सोबती बसलेले दिसले. ते का आले असतील असा विचार दयारामांनी केला नाही. आपण का आलो हे सांगावं लागेल, एवढाच केला. ते तसेच पुढे गेले. चार दुकानं सोडून दुसरी पाटी होती, बाहेर एक म्हातारा कुत्रा धरून बसला होता, आणि ओळखीचं कोणी नव्हतं. दयाराम आत शिरले.

“कौन सा जानवर है?” गुरांच्या डॉक्टरनं विचारलं.

दयारामांनी बाहेरच्या कुत्र्याकडे पाहिलं. “भैंसा.”

“उमर?”

“तेईस.”

डॉक्टरनं पेन खाली ठेवला. “तेईस साल का? तकलीफ क्या है?”

“खाता नहीं. कोने में पड़ा रहता है.”

“जुगाली करता है?” डॉक्टरनं रवंथाचं विचारलं.

“पहले मोबाइल पे बहुत करता था. अब वो भी बंद.”

डॉक्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं, उठून दार लोटून घेतलं. “काका, बेटा है ना?”

दयारामांनी मान हलवली.

“मैं आदमी का डॉक्टर नहीं हूँ,” तो म्हणाला. “पर जानवर खाना छोड़ दे, तो मालिक से पहले यही पूछते हैं कि इसके साथवाला कोई मरा क्या. आपने पूछा?”

नव्हतं विचारलं. घरी परतताना दयारामांना तेच टोचत राहिलं. मिर्ची कमी झाली का विचारलं, कातडं कोणाचं विचारलं, रेडा का विचारलं. कोण गेलं, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं.

घराच्या दारात चपला-बुटांचा ढीग होता. अंजनाबाई जिन्याच्या पायथ्याशी पांढऱ्या पडून उभ्या होत्या.

“आले,” त्या कुजबुजल्या. “गच्चीवर हाय सारे. गोठा झाला आपल्या घराचा. एकाले तं शेपूट हाय!”

“घाबरू नका,” कांताबाई म्हणाल्या. “मी वरचं दार बाहेरून लावून टाकलं. अन् फोन बी केला.”

कोणाला फोन केला हे विचारायलाही दयाराम थांबले नाहीत. त्यांनी वर जाऊन कडी काढली.

गच्चीवर टिनाच्या शेडखाली सतरंजी अंथरून पोरंपोरी बसली होती. साधे कपडे, साधे चेहरे. एकाच्या पट्ट्याला खरोखरच शेपूट अडकवलेलं होतं, पण दयारामांना पाहून तो इतर पोरांसारखाच घाईनं उभा राहिला. मधोमध स्टुलावर हार घातलेला फोटो होता. जवळ जाऊन पाहिलं तर तो फोटो नव्हता, चित्र होतं. लाल रंगाची एक लोमडी, म्हणजे कोल्हीण, मान मागे टाकून हसणारी. तिच्यासमोर मेणबत्ती.

दयाराम पोराशेजारी सतरंजीवर बसले. गुडघे वाजले.

“कोण गेलं, बेटा?”

प्रशिकनं मान वर केली. हा प्रश्न त्याला समजायलाच थोडा वेळ लागला.

“मिर्ची,” तो म्हणाला. “यशदीप नाम था, पापा. भिलाई का. डेंगू हुआ उसको. मेरा दोस्त था.”

“मंग मयतीले काहून नाही गेला? भिलाई तं हे इथं हाय. लोकलनं जाऊन येते माणूस.”

“जाके क्या बोलता? उसके पापा पूछते, तू कौन, तो क्या बोलता? मैं भैंसा हूँ?” त्याचा आवाज फाटला. “उसके घर में किसी को मालूम ही नहीं था कि मैं हूँ.”

दयाराम अजून जवळ सरकले. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

समोर बसलेली मुलगी बोलली. तिचं नाव रूपाली, पेशानं दातांची डॉक्टर. “काका, आम्ही कोणी सोताले जनावर नाही समजत. चित्रं काढतो, गोष्टी रचतो. प्रत्येकाचं एक जनावर असते, त्याच्या नावानं बोलतो. जो माणूस म्हणून तोंड उघडत नाही ना, तो लोमडी म्हणून गाणे बी म्हणते.”

“अन् ते डोक्सं?”

“ते तर दोघांकडेच आहे. प्रशिक अन् मिर्ची. रायपूरच्या गर्मीत ते घालून कोण मरेल?” ती बोलून गेली आणि ओठ चावून गप्प झाली.

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. गल्लीत मोकाट जनावरं पकडणारी गाडी उभी होती. दोन माणसं दोर घेऊन उतरली होती आणि भोवती आख्खा पारा जमला होता.

“भैंसा इधर है क्या?” एकानं वर पाहून ओरडून विचारलं. “फोन आया था. छत पे चढ़ गया बोले.”

प्रशिकनं गुडघ्यात तोंड खुपसलं. दयाराम उठले, कठड्यापाशी गेले. खाली ओळखीचे सगळे चेहरे होते. विहारात भेटणारे, दूधवाला, कारखान्यातले. सकाळी ज्या ओळखीच्या नजरांना ते भ्याले होते, त्या सगळ्या आता वर लागल्या होत्या.

“भैंसा मेरा है!” दयाराम ओरडले. “छूटा हुआ नहीं है. घर का है!”

“तो बाँध के रखो, काका!”

“हव!”

गाडी गेली. पारा मात्र जागचा हलला नाही. त्या गर्दीतून एक बारीकसा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस पुढे आला. खांद्याला मोठी पिशवी होती.

“प्रशिक इथंच रायते का?” त्यानं विचारलं.

वर आल्यावर त्यानं सगळ्यांना हात जोडले. “जय भीम. मी सुखदेव गजभिये. यशदीपचा बाप.”

त्यानं पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जपून काढलं. आत लाल लोमडीचं डोकं होतं, चित्रातलंच.

“त्याच्या मोबाइलवर तुमचा निरोप आला, आज बैठक हाय म्हणून. पोराचं कपाट काढलं तं हे भेटलं. नातेवाईक म्हंते, जाळून टाक, यानंच झालं सारं. कोणी म्हंते हे लोक चार पायांवर चालते.” तो पोरांकडे पाहत नव्हता. तो दयारामांकडे पाहत होता, बाप बापाकडे पाहतो तसा. “तुमचा पोट्टा बी यातच हाय ना? तुमाले मालूम असन. माहा यश... डोक्यानं ठीक होता ना?”

सगळ्यांचे डोळे दयारामांकडे वळले. त्यांचं या विषयातलं ज्ञान अजून गरमच होतं, नुकतंच ताटात पडलेलं. त्यांनी घसा साफ केला.

“एकदम ठीक होता. माह्या पोट्ट्याइतकाच ठीक होता. चार पायांवर कोणी चालत नाही, लोकाइले काही मालूम नसते. हे कातडं बी नाही, कापड हाय. तुमच्या गावाकडं दंडारीचा खेळ पायला असन ना तुमी? बाप्या लुगडं नेसे, बाईचं सोंग घे. सकाळी उठून नांगर धरेच ना तो? तसंच हे. अन् तुमच्या पोराचं नाव मिर्ची होतं इथं. लई मोठं नाव होतं त्याचं.”

प्रशिक बापाकडे तोंड उघडं टाकून पाहत होता.

“घरी तं बोलेच नाही तो,” सुखदेवराव म्हणाले. “त्याची माय म्हणे, मुका हाय का पोट्टा. इथं काय बोले?”

रूपालीनं फोन काढला. जुनं काहीतरी शोधलं, आवाज मोठा केला. आधी नुसता हशा, मग एका पोराचा खणखणीत आवाज, नक्कल करणारा: “यश! ए यश! मोटर बंद कर, टाकी भरली! तुले कान देल्ले का शिंगं देल्ले बे?” आणि पुन्हा हशा. मग तोच आवाज, हळू: “मेरे पापा हैं यार. दिन भर प्लांट में चिल्लाते, घर आके टाकी पे चिल्लाते. उनकी आवाज़ नहीं आई, तो घर घर नहीं लगता.”

सतरंजीवरची पोरं हसली आणि मग हसता हसता थांबली. सुखदेवरावही हसले होते. त्यांनी फोन हातात घेतला आणि पुन्हा ऐकलं, मग पुन्हा.

“मले वाटे, मी त्याले आवडतच नाही,” ते म्हणाले.

मग त्यांनी लोमडीचं डोकं मांडीवर घेतलं. “हे कसं घालते?”

प्रशिक उठला. त्यानं दोन्ही हातांनी ते डोकं धरून सुखदेवरावांच्या डोक्यावर अलगद बसवलं, हनुवटीखालची पट्टी लावली. “आँखों में जाली है, अंकल. उसमें से दिखेगा.”

इस्त्रीचा शर्ट घातलेली लोमडी सतरंजीवर मांडी घालून बसली. थोड्या वेळानं तिचे खांदे हलू लागले. आत काय चाललं होतं ते कोणालाच दिसत नव्हतं. बाहेरून लोमडी हसत होती, कारण यशदीपनं तिला तशीच शिवली होती.

प्रशिक त्यांच्याशेजारी बसला. अंजनाबाई केव्हा वर आल्या कोणाला कळलं नाही. त्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसल्या आणि त्यांनी त्या केसाळ मानेवरून हात फिरवायला सुरुवात केली.

शेजारच्या गच्चीवर कांताबाई कठड्याला धरून उभ्या होत्या.

“अहो भाऊ,” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, “ते लोमडी कोण हाय?”

“बाप हाय,” दयाराम म्हणाले.

कांताबाईंनी पुन्हा एकदा लोमडीकडे पाहिलं. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, “चहा टाकू का? किती जन हाय?”

“टाका,” दयाराम म्हणाले. “अन् एक कप जरा थांबून आणा. त्याइले डोक्सं काढाले वेळ लागन.”