महेंद्रच्या आतड्याचा अहवाल

खेडच्या एका कार्यालयातील लिपिक महेंद्र याने पूर्णगडला बदली मागितली होती. अर्जात कारण एकच: पत्नी आम्रपाली तिथल्या शाळेत शिक्षिका आहे, लेक ईशा चार वर्षांची झाली असून बाबा हा फोनमध्ये राहणारा माणूस आहे असे तिला वाटते, सबब अर्जदारास मानसिक ताण आहे.

ताण सिद्ध करणे भाग होते. परंतु नव्या परिपत्रकानुसार ताण डोक्यात नसून आतड्यात असतो. कार्यालयात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानात एक डॉक्टर एवढेच म्हणाले होते, की पोटातल्या चांगल्या जिवाणूंना तंतुमय अन्न मिळाले तर मन शांत राहू शकते. त्यातील 'शकते' हा शब्द इतिवृत्तातून जागेअभावी वगळण्यात आला आणि उरलेल्याचे परिपत्रक झाले.

महिनाभर रोज पोटाचा तक्ता भरायचा होता. महेंद्रने तो इमानाने भरला. आम्रपाली दर शनिवारी एसटीच्या चालकाकडे डबा देई: नाचणीचे पीठ, कुळीथपीठ, परसातली केळी. झाकण काढले की आधी घराचा वास बाहेर येई, पीठ मागाहून.

अधीक्षक रेणुका मॅडमनी तक्ता पाहिला. "काय रे हे पोट! एकतीसपैकी एकतीस दिवस साफ!"

"पोट साफ आहे, मॅडम. पण झोप लागत नाही. पोर आठवते."

"झोपेचा रकाना नाही. पोट शांत, म्हणजे मन शांत. अर्ज निकाली."

महेंद्रने घरी फोन लावला. "अगो, डबा बंद कर."

"नि खाणार काय?"

"वडापाव. पोट बिघडलं तरच बदली."

"आणि शाळेत पोरांना अक्कल शिकवायची मी!"

नव्या अर्जाला जोडलेला पुढच्या महिन्याचा तक्ता वाचवत नव्हता. मॅडम गहिवरल्या. "अरेरे! सापडलं बघ कारण. ताण कुटुंबामुळे नव्हताच, तंतूंच्या अभावामुळे होता."

बदलीऐवजी त्याला सरकारी तंतूंच्या पुड्या मंजूर झाल्या. पुडीवर घटक छापले होते: नाचणी, कुळीथ, केळे. उपचार कार्यालयाच्या देखरेखीखाली घ्यायचे असल्याने वर्षभर खेड सोडण्यास मनाई झाली.

"बाबा, तू फोनमधून बाहेर कधी येणार?" ईशाने विचारले.

"पोटाला विचारून सांगतो, बाय."

हा अहवाल वाचताना आपण हसलात, अशी नोंद झाली आहे. हसतो त्याला ताण नसतो. सबब, आपलाही जो कोणता अर्ज जिथे कुठे पडून असेल, तो निकाली काढण्यात येत आहे.