धाकूनानांची ओहोटी

आमचे शेजारी धाकूनाना तांडेल रोज एकदा स्वतःच्याच घरातून पळून जातात आणि अर्ध्या तासानं परत येतात. जातात ते मागच्या दारानं, पायांचा आवाज न करता, हातात पिशवी घेऊन. येतात ते पुढच्या दारानं, डोक्यावर टोपी नीट बसवून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडत, "आयलो गो!"

बरं, ठरलेली वेळ म्हणाल तर तीही नाही. आज अकराला, तर उद्या पावणेबाराला. मी शाळामास्तर, मला वेळापत्रकाशिवाय झोप लागत नाही. शेवटी एकदा छडा लावला. नाना भरतीच्या वेळेला घरी येत. दिवसा जी भरती असेल तिला.

नानांनी पस्तीस वर्षं तांडेल म्हणून रेवस ते मुंबईचा भाऊचा धक्का लाँच चालवली. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी घड्याळ म्हणून नाही वापरलं. "तिथीची पाऊणपट कर मास्तर, भरती हातात आली. चतुर्थी? चार पाऊण तीन. तीन वाजता पाणी चढलं. घड्याळाला सेल लागतो, चंद्राला लागतो का?" कुठलीही गोष्ट करायची तर त्यांचं एकच म्हणणं, "पाण्याला विचारून कर." नारळ उतरवायचे, पाण्याला विचार. दाढी करायची, पाण्याला विचार. माझ्या बदलीचा अर्जसुद्धा त्यांनी मला ओहोटीला टाकू दिला नाही. भरतीला टाकला, तरी बदली झाली नाहीच.

आणखी एक तऱ्हा. दारात आलेल्या मासळीवालीला ते हात हलवून परत पाठवत आणि मग वळणावर धावत जाऊन तिच्याकडूनच चार बोंबील घेत. विचारलं तर म्हणत, "दारात भाव जास्त." भाव तोच असे, मी स्वतः ऐकलाय. घरात मात्र कुणाला घेत नसत. मंजुळाकाकी, नानांची बायको, दोन वर्षांत ओट्यावर दिसल्या नव्हत्या. कुणी चौकशीला गेलं की नाना दारात आडवे उभे राहत. "झोपलीय ती." आम्हाला वाटायचं, म्हातारा-म्हातारीचं बिनसलंय.

तर असे हे नाना एका सकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. आधी नारळाचा भाव झाला, मग ग्रामपंचायत झाली, मग माझ्या मुलीचे मार्क झाले. ताकाला जाऊन भांडं लपवायची नानांना सवय नव्हती, म्हणून मी घाबरलो.

"मास्तर," ते शेवटी म्हणाले, "चार महिने झाले. मागून रक्त जातंय."

"चार महिने? आणि आज सांगताय?"

"बोंबलू नको. तिच्या कानावर जायला न्हाय पायजे."

मी त्यांना धरून मुंबईला नेलं; काकी झोपेत असताना दाराला कडी घालून निघाले, भरतीआधी परतायच्या अटीवर. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सरळ बोलणाऱ्या. वय सत्तर, रक्त चार महिने, वजन उतरलेलं. कॅन्सर नाही ना, एवढं बघायलाच हवं, म्हणाल्या. आतून दुर्बीण घालून तपासणी करायची.

"दुर्बीण कुठनं घालणार?" नानांनी विचारलं.

बाईंनी सांगितलं. नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "म्हंजे मागच्या धक्क्याला लावणार."

सोमवार किंवा गुरुवार, बाई म्हणाल्या. नानांनी बोटांवर तिथी मोजली आणि गुरुवार धरला. "चतुर्थी हाय. पहाटे तीनला भरती, मग पाणी उतरत उतरत नवाला सुकी ओहोटी. समुद्र रिकामा होणार, तर माझं पोट काय थांबतंय?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"पण एक सांगतो," नाना उठता उठता म्हणाले, "त्या दिवशी दुपारच्या भरतीला, तीनला, मी घरात पायजे. न्हायतर तुमची दुर्बीण तुमच्याकडं."

अकराला तपासणी, एकची लाँच, अडीचला रेवस, तीनला घर. कागदावर जमत होतं. कागदावर काय, सगळंच जमतं.

आदल्या दिवशी नुसती गाळलेली पेज आणि नारळपाणी. संध्याकाळी सहाला औषधाची पावडर लिटरभर पाण्यात. नानांनी घोट घेतला आणि माझ्यावर खेकसले, "पस्तीस वर्षं ज्या खाडीवर काढली, तीच लिंबू पिळून पाजतोस?" पण प्याले. अर्ध्या तासात पिणं थांबलं आणि धावणं सुरू झालं. त्यांच्या मागच्या दारची कडी वाजली की आमची सुमन, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून म्हणे, "गेले!" दुसरा लिटर पहाटे चारला झाला.

निघताना नानांनी सुमनला दिवसभर काकींजवळ बसायला सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणाला आत घेत होते, तेही नाइलाजानं. "तिला काय विचारू नको. तिनं विचारलं तर एवढंच सांग, तांडेल पाण्यावर गेलाय, भरतीला येईल." पोपटाला पढवावं तसं दोनदा म्हणवून घेतलं. मला हसू आलं. माणूस दवाखान्यात निघालाय आणि मिजास बघा, पाण्यावर गेलाय म्हणे!

मी मांडव्याहून जाऊ म्हटलं होतं. तिथल्या बोटींना भरती-ओहोटीची फिकीर नाही. पण रेवसचा तांडेल मांडव्याच्या बोटीत बसणं म्हणजे सासुरवाडीला जाऊन दुसऱ्याच्या घरी जेवणं. आम्ही रेवसहून सातच्या लाँचला बसलो.

धक्का सोडून वीस मिनिटं झाली आणि लाँच खालून खरखरली, हलली आणि गपकन बसली. गाळात.

नानांनी खाली पाहिलं, वर पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "आयला! मी पोटाची ओहोटी बघितली रे मास्तर. खाडीची बघायलाच इसरलो!" पस्तीस वर्षांत ज्या माणसानं एकदाही लाँच गाळात घातली नाही, त्यानं तिथी मोजून, दिवस निवडून, स्वतःला गाळात घातलं होतं. पाणी परत चढून लाँच सुटायला पावणेअकरा तरी वाजणार होते.

त्यात चारला प्यालेला लिटर अजून संपला नव्हता. नानांचा चेहरा बदलला. ते तांडेलाकडे, गणूकडे गेले. गणू त्यांचाच चेला, आता चाळिशीचा.

"गणू, मागची खोली उघड."

लाँचच्या मागच्या टोकाला संडासाची खोली होती, पण प्रवासी घाण करतात म्हणून खुद्द नानांनीच तिला कुलूप ठोकून आत दोर आणि जुनी टायरं भरली होती. कुणी पोट धरून आलंच तर नानांचं उत्तर पाठ होतं. तेच गणूनं, अगदी नानांच्या आवाजात, ऐकवलं.

"दीड तासाचा तर प्रवास हाय नाना. माणसानं जरा दम धरावा."

"गणू, माझ्या मेल्या आईची शपथ..."

लाँचभर हसू फुटलं. पण माणसं भली. बघता बघता साखळी लागली आणि हातोहात दोर, टायरं, एक गंजका नांगर बाहेर आला. लग्नाला निघालेल्या एका बाईनं आपली पाण्याची बाटली दिली. पुढच्या तीन तासांत नाना आत किती वेळा गेले ते मी मोजलं नाही. बाकी सगळे मोजत होते. शेवटच्या खेपेला बाहेर येऊन ते गणूला म्हणाले, "चावी खाडीत टाक. हे दार परत बंद करायचं न्हाय." करावं तसं भरावं, आणि इथं तर रिकामं करावं लागलं.

दवाखान्यात पोहोचलो ते साडेबाराला. आमचा नंबर गेला होता. आता दोन वाजता घेऊ, म्हणाले. दोनला तपासणी म्हणजे तीनची भरती गेलीच. नाना उठून चालू लागले. मी दारात आडवा झालो. "रक्त जातंय तुमचं! भरती रोज येते, नाना!"

"रोज येते म्हणूनच," ते म्हणाले. खाली बसले, आणि त्यांचे डोळे भरले. मला वाटलं, उपाशीपोटाची चक्कर.

दोनला त्यांना मागून उघडा झगा चढवला. "शिंप्यानं उलटा शिवलाय," नाना कुरकुरले. झोपेचं इंजेक्शन दिलं. बाईंनी नंतर सांगितलं की अर्धवट गुंगीत पेशंट सारखा हुकूम सोडत होता, "हळू घे... डावी मार... पुढं वळण हाय... गाळ बघ!" आणि त्या म्हणाल्या, वळणं बरोबर सांगत होते हो.

आत गेलेले नाना मला तीनला दिसले. आत दोन छोटे कोंब होते, काढले, बाई म्हणाल्या. दिसायला साधे आहेत, तरी तपासायला पाठवू. रक्त मूळव्याधीचं. मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

"नाना, वाचलात!"

"वाजले किती?"

"तीन."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. "पाणी चढलं," एवढंच म्हणाले.

परतीच्या लाँचआधी, माझ्या खांद्याचा आधार घेत, त्यांनी भाऊच्या धक्क्यावर चार बोंबील घेतले. मुंबईची मासळी रेवसला! उलटी गंगा! मी चिडलो. तेव्हा, लाँच सुटल्यावर, समुद्राकडे बघत नाना बोलले.

"ती सगळं इसरली रे मास्तर. पोरीला, घराला, मला. दिवसभर घरात असतो तर म्हणते, हा कोण म्हातारा बसलाय, हाकला. पण भरतीला तांडेल घरी येतो, एवढं तिच्या ध्यानात हाय. पिशवीत मासळी घेऊन पुढल्या दारानं आलो की मी तिचा. आज भरती गेली. आता कोण म्हणून जाऊ?"

दोन वर्षं मी या माणसाला हसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

घरी पोहोचलो तेव्हा साडेसहा झाले होते. सुमन अंगणात उभी होती, रडवेली. काकी दोनपासून उंबरठ्यावर बसून होत्या, जेवल्या नव्हत्या. नानांनी टोपी नीट केली. पायरीशी थांबून पिशवी पुढे धरली. शेवटी कसंबसं म्हणाले, "आयलो गो."

काकींनी मान वर केली. नानांकडे, मग पिशवीकडे, मग परत नानांकडे पाहिलं.

"पाणी तर कवाच वळलं," त्या म्हणाल्या. "येवढा येळ कुठं अडकलाव?"

"गाळात," नाना म्हणाले, आणि लहान पोरासारखे रडायला लागले.

"मग रडताव कशाला? पोचलाव ना?" काकींनी पिशवी घेतली. मग माझ्याकडे बोट केलं. "हा कोण?"

"मास्तर. माझ्याबरोबर अडकलेला."

"मग भुकेला असंल. त्याला म्हणावं, आत ये, जेवून जा."

नानांनी डोळे पुसले आणि दारातून बाजूला झाले.