चेंडूपूजन

बहरीनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाने यश मिळवले, तर त्याचा सत्कार होतो. यातून सुटका नाही. नापास व्हावे, धंद्यात बुडावे, नोकरी जाऊन व्हिसा संपावा, कुणी ढुंकूनही पाहत नाही आणि माणूस निवांत राहतो. यश मात्र लपवता येत नाही. उत्कर्ष मंडळाची कार्यकारिणी वास काढत येतेच.

प्रज्योतचे यश असेच बाहेर फुटले. गुदैबियातल्या एका जुन्या इमारतीत, खाली किराणा दुकान आणि वर दोन खोल्या, अशा घरात तो वाढला. वडील यादवराव मूळचे अकोल्याचे, एका कंपनीत एसीच्या देखभालीचे सुपरवायझर. प्रज्योत कॉलेजच्या संघातून फुटबॉल खेळायचा, आणि असा खेळायचा की एका मोठ्या व्यावसायिक क्लबचे लोक कॉलेजचे सामने बघायला येऊ लागले. अखेर क्लबने सांगितले, शनिवारी सकाळी डॉक्टरांची तपासणी, त्यात पास झाला की लगेच सही. कॉलेजात चेंडू मारणारी पोरे पुष्कळ असतात. चार वर्षे खेळतात, पदवी घेतात आणि ऑफिसात जाऊन जाड होतात. खेळावर पोट भरण्याचे नशीब त्यातल्या एखाद्याचे निघते. ते प्रज्योतचे निघाले होते. त्याच्या आईने, पुष्पलताबाईंनी, ही बातमी फक्त बहिणीला सांगितली. बहिणीने ती फक्त एका व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

दुसऱ्याच दिवशी उत्कर्ष मंडळाचे अध्यक्ष चंद्रशेखर यादवरावांच्या दारात हजर झाले. चंद्रशेखर मूळचे पुण्याचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर, अदलियात व्हिला. त्या व्हिलाचा एसी यादवरावांनी कित्येक उन्हाळे दुरुस्त केला होता, पण तिकडे जायचे ते मागच्या दाराने. गुदैबियातला जिना चंद्रशेखर त्या दिवशी आयुष्यात प्रथमच चढले. त्यामुळे ते बराच वेळ नुसते धापाच टाकत होते.

"अहो यादवराव, आपला मुलगा! आणि आम्हाला बाहेरून कळावं?"

मुलगा 'आपला' झाल्याची ही पहिलीच वार्ता होती. मागच्या हंगामात रिफाच्या मैदानावर कॉलेजचा अंतिम सामना होता, तेव्हा यादवरावांनी मंडळाच्या ग्रुपवर लिहिले होते की चार माणसे आली तर पोराला हुरूप येईल. त्या दिवशी मंडळाची मिसळ स्पर्धा होती. उत्तरादाखल एक अंगठा आला, तोही चुकून दाबला गेला होता म्हणे. यादवराव त्या ग्रुपवर होते, कारण एसी बिघडला की नंबर हाताशी लागतो. कार्यक्रमाला बोलावणे कधी नसायचे. "तुमची एप्रिलमधली जयंती वेगळी असते ना," चंद्रशेखर प्रेमाने म्हणायचे, "म्हणून आम्ही तुम्हाला डिस्टर्ब करत नाही. आमच्याकडे भेदभाव अजिबात नाही."

"तर येत्या शुक्रवारी सत्कार," ते म्हणाले.

"भाऊ, सही होऊ द्या ना आंधी," पुष्पलताबाई म्हणाल्या. "शनिवार गेला का करा ना खुशाल. काऊन घाई करून रायले?"

"वहिनी, सही झाली की दुसरं मंडळ टपूनच बसलंय. शिवाय हॉल शुक्रवारचाच मिळालाय आणि प्रमुख पाहुणे शनिवारी दुबईला चाललेत."

"अंकल, आय हॅव टू रेस्ट," प्रज्योत म्हणाला. त्याला मराठी सगळे समजायचे, उत्तर मात्र शाळेने दिलेल्या भाषेत यायचे. "कोच सेड, नथिंग बिफोर द मेडिकल."

"बेटा, तुला काही करायचंच नाहीये. फक्त बसायचं."

यादवरावांना नाही म्हणता आले असते. आले नाही, कारण आत कुठेतरी एक हौस होती. ज्यांच्या गच्चीवर उन्हात उभे राहून आपण गॅस भरला, त्यांनी एकदा आपल्या पोरासाठी उभे राहावे, एवढीच. तीत काही गुन्हा नव्हता. पण मंडळाला माणसाची हौस बरोबर दिसते.

लगेच सत्कार समिती नेमली गेली. तिच्या पोटात फेटा उपसमिती निघाली, तिच्यात फेट्याच्या रंगावरून दोन तट पडले. सांस्कृतिक सचिव लीनाताईंनी प्रज्योतच्या जडणघडणीत मंडळाचे योगदान काय, याचे संशोधन केले. तो लहान असताना मंडळाच्या सहलीत लिंबू-चमचा शर्यतीत धावला असावा, असा निष्कर्ष निघाला. पुरावा म्हणून एक फोटो मिळाला, त्यात कडेला एक कोपर दिसत होते. ते कोपर एकमताने प्रज्योतचे ठरले, आणि त्याच्या कारकिर्दीचा पाया मंडळाने घातला हे बॅनरवर छापून आले. बॅनरवर चंद्रशेखरांचा फोटो मोठा होता. प्रज्योतचा लहान होता, पण होता.

शुक्रवारी हॉल भरला. स्टेजवर मान्यवर इतके झाले की सत्कारमूर्तीला खुर्ची उरली नाही. फक्त बसायचे आहे असे सांगून आणलेला प्रज्योत पडद्याशेजारी ताटकळत उभा राहिला. डोक्यावर फेटा, अंगावर शाल, पाय अनवाणी. कारण कार्यक्रमाची सुरुवात चेंडूपूजनाने होती आणि पूजेच्या स्टेजवर पायताण चालत नाही.

चेंडूपूजन ही चंद्रशेखरांची कल्पना. पाटावर फुटबॉल, त्याला हळदकुंकू, वर झेंडूचा हार. यादवराव पुढे होऊन हळूच म्हणाले, "साहेब, आमच्यात हे पूजापाठ करत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"अहो, हे धार्मिक नाही. हे सांस्कृतिक आहे."

प्रमुख पाहुणे शैलेंद्रशेठ, बासमती तांदळाचे बडे व्यापारी, यांनी चेंडूसमोर नारळ वाढवायला घेतला. नारळ काही केल्या फुटेना. शेवटी त्यांनी तो सगळ्या ताकदीने स्टेजच्या फरशीवर आपटला, तेव्हा पाणी चहूकडे उडाले आणि त्यावर झेंडूच्या पाकळ्या चिकटल्या. लीनाताई फडके घेऊन धावल्या.

"राहू द्या!" चंद्रशेखर माईकवरून म्हणाले. "पूजेच्या नारळाचं पाणी पुसू नये. शुभ असतं."

असा नियम कुणीच कधी ऐकला नव्हता. पण माईकवरून सांगितलेले खोडायचे कसे? सगळ्यांनी माना डोलावल्या.

मग भाषणे झाली. शैलेंद्रशेठ मराठी तरुण आणि शिस्त या विषयावर भरपूर बोलले आणि उदाहरणे सगळी क्रिकेटची दिली. चंद्रशेखर मंडळाच्या वाटचालीवर बोलले. खजिनदार दोन शब्द बोलायला उठले आणि लोक मुलांना बाथरूमला नेऊन आणून परत बसले, तरी ते दोन शब्द संपले नव्हते. अगदी शेवटी कॉलेजचे कोच यासीन यांना माईक मिळाला.

"मैं बस इतना बताना चाहता हूँ," यासीन म्हणाले, "कि ये लडका मैदान पे क्या करता है. इसकी पोझिशन ऐसी है कि—"

"थँक यू, यासीनभाई, थँक यू!" लीनाताईंनी माईक घेतला. "समय बहुत कम है. जोरदार टाळ्या!"

जोरदार टाळ्या पडल्या. सत्कार झाला. आता पोराला घरी सोडायला हवे होते. पण समोर एवढी गर्दी आणि पाटावर आयता चेंडू, हे पाहून चंद्रशेखरांना राहवले नाही. "यल्ला प्रज्योत! थोडं प्रात्यक्षिक होऊन जाऊ दे."

"अंकल, नो. फ्लोअर इज वेट. अँड आय नीड माय शूज."

"स्टेजवर बूट? छे छे. आमच्या वेळी आम्ही अनवाणीच खेळायचो."

ते काय खेळायचे, हे कुणी विचारले नाही. यादवराव जागेवरून उठले, "साहेब, नको, उद्या तपासणी आहे," असे ओरडलेसुद्धा, पण हॉलमध्ये 'प्रज्योत! प्रज्योत!' असा गजर सुरू झाला होता. एकाही सामन्याला न आलेले हे सगळे लोक आता पोटतिडकीने ओरडत होते. प्रज्योतने बापाकडे पाहिले, कोचकडे पाहिले, आणि हार काढून चेंडू पायावर घेतला. चेंडू एकदा उडवला, दोनदा उडवला. तिसऱ्या वेळी नारळाच्या पाण्यावर त्याचा पाय सरकला. फेटा एकीकडे, शाल दुसरीकडे आणि गुडघा अंगाखाली.

हॉल उभा राहून टाळ्या वाजवू लागला. प्रेक्षकांना तो खेळातला एक प्रकार वाटला. मागून कुणीतरी "वन्स मोअर!" ओरडले.

यासीन आणि यादवराव स्टेजवर धावले. पोरगे ओठ आवळून कळ सोसत होते. "ॲम्ब्युलन्स," यासीन म्हणाले. नेमके त्याच वेळी, ठरल्याप्रमाणे, राज्यगीताची ध्वनिफीत सुरू झाली.

"उचला त्याला," चंद्रशेखर दबक्या आवाजात म्हणाले. "राज्यगीताला सत्कारमूर्ती आडवा? फोटो निघतायत!"

"उभा राहा बेटा," लीनाताई म्हणाल्या. "एवढं होऊ दे, मग यू आर फ्री."

दोन पदाधिकाऱ्यांनी त्याला काखेत धरून ताठ उभा केला. सोडवायला पुढे झालेल्या बापाला तिघांनी नम्रपणे मागे ओढले, कारण गीत चालू असताना हालचाल करायची नसते. यादवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते अभिमानाचे आहे असे समजून छायाचित्रकाराने तेही टिपले. गीत संपल्यावर आभारप्रदर्शन झाले, आणि आभारात प्रज्योतचे नाव राहून गेले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी गुडघा तपासून विचारले, "पडल्यावर जे झालं ते थोडक्यावर निभावलं असतं. त्यानंतर याला या पायावर उभं कुणी केलं?"

असे काही घडते हे बाहेरच्या माणसाला यादवराव कसे समजावणार?

शनिवार आला आणि गेला. क्लबने भलेपणाने कळवले की बरा झालास की ये, पण त्या जागेवर आता दुसरा मुलगा घ्यावा लागेल. ऑपरेशन झाले. प्रज्योत चालायला लागला, धावणे मात्र पहिल्यासारखे परत आले नाही. इकडे मंडळाच्या पानावर त्याचा हवेतला फोटो झळकला. फेटा उडालेला, पाय वर, तोंड वासलेले. खाली ओळ होती: 'प्रज्योतची उत्तुंग झेप!' बहरीनपासून बारामतीपर्यंत लोकांनी हात जोडले, अंगठे दाखवले, हृदये पाठवली.

मंडळाने त्याला वाऱ्यावर सोडले असे मात्र कुणी म्हणू नये. कॉलेज संपले, वडिलांच्या व्हिसावर आता राहता येईना, तेव्हा चंद्रशेखरांनी शब्द टाकला आणि शैलेंद्रशेठनी त्याला आपल्या गोदामात स्टॉक बघायला ठेवून घेतले. "खलास, सेटल झाला पोरगा," चंद्रशेखर म्हणाले. युवकांना दिशा दिल्याबद्दल त्या दोघांचा मंडळाने सत्कार केला. त्या सत्काराच्या खुर्च्या प्रज्योतने मांडल्या. वजन उचलू नको असे डॉक्टरांनी सांगितले होते, पण हलक्या प्लास्टिकच्या होत्या.

आणि आता, परवाच, त्याच हॉलमध्ये परिसंवाद झाला. विषय होता, 'मराठी मुले व्यावसायिक खेळात मागे का?' आहार, हवामान, पालकांची मानसिकता अशी कारणे एकेकाने मांडली. पालकांच्या मानसिकतेवर तर फारच टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून यादवराव उठले. त्यांना कुणी बोलावले नव्हते. हॉलचा एसी बघायला आले होते.

"मला एकच विचारायचं आहे," ते म्हणाले. "तुम्ही माझ्या पोराला फेटा बांधला, पूजेला उभा केला, मोडल्यावरही उभा केला. तो मैदानात कोणत्या जागेवर खेळायचा, ते इथं कुणी सांगंल का?"

लीनाताईंनी चंद्रशेखरांकडे पाहिले.

"अष्टपैलू होता तो!" चंद्रशेखर म्हणाले. "सगळीकडे खेळायचा."

टाळ्या पडल्या आणि जेवणाची घोषणा झाली. यादवराव शिडी उचलून मागच्या दाराने निघून गेले.

तुम्ही मात्र हसू नका. यासीन तेच सांगायला उठले होते आणि त्यांच्या हातातला माईक काढून घेतला, तेव्हा तुम्हीही इथेच होतात. नारळ, फेटा, पडणे, सगळे तुम्ही चवीने वाचलेत. तो पोरगा कोणत्या जागेवर खेळायचा, हे शेवटपर्यंत तुम्हालाही कळले नाही, आणि बापाने विचारेपर्यंत तुमचेही काही अडले नाही. तेव्हा उभे का? या, पुढे या. पहिली रांग मान्यवरांसाठी राखून ठेवली आहे. प्रज्योतने तुमची खुर्ची मघाशीच पुसली आहे.