बिघाडाचं नाव

बिघाड काय होता, हे करीम मिस्त्री सहसा कुणाला सांगत नसे. यंत्र दुरुस्त करायचा, हात पुसायचा, बिडी पेटवायचा. "काय झालं होतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "निघाला ना बिघाड? मंग त्याचं नाव काहून पुसता?"

जालन्यातल्या आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात मी तेव्हा मुनीम होतो. बिघाडांची एक वही माझ्या ताब्यात असायची. तारीख, यंत्र, कारण, सही असे तिचे चार रकाने. त्यातला कारणाचा रकाना मिस्त्रीच्या कृपेनं सहा वर्षं कोरा होता. शेठजी वही उघडत आणि बोलणी मी खाई. मी मिस्त्रीला विनवण्या केल्या, चहा पाजला, एकदा तर भांडून चार दिवस अबोला धरला. त्या अबोल्याचा त्याला पत्ताच लागला नाही, कारण माणसांशी तो मुळात फारसा बोलत नसे. तो बोलायचा यंत्रांशी. इंजिनाला 'बेटा' म्हणायचा, गठाणी बांधायच्या प्रेसला 'आपा' म्हणायचा, आणि बिघडलेल्या यंत्राजवळ कुणी आवाज चढवला की डोळे वटारायचा. "बीमाराच्या उशाशी गलका करतेत का कुणी?"

एवढं ऐकून मी चडफडत ऑफिसात परत जायचो.

कारखान्यात लढाईनंतरच्या लिलावातली एक लष्करी मोटार होती. तिच्या नाकाशी बॅटरीवर चालणारी चरखी बसवलेली होती. चरखी फिरली की तारेचा दोर तिच्यावर गुंडाळायचा आणि दोराला बांधलेलं वजन ओढलं जायचं. त्या वर्षी दसरा झाला आणि जिनाचं नवं इंजिन रेल्वेनं येऊन आवारात पडलं. फळ्यांवरून ओढून ते चौथऱ्यावर चढवायचं होतं. हंगाम तोंडावर आलेला. घनसावंगीकडून कापसाच्या गाड्या येऊन फाटकाशी सुटलेल्या. दोर बांधला, बटण दाबलं. रिकामी असताना भिंगरीसारखी फिरणारी चरखी वजन येताच कण्हली, मंदावली आणि थांबली.

शेठजी म्हणाले, "तीन दिवस देतो. आणि कारण मला वहीत पाहिजे. ज्याची चूक निघेल त्याला घरी बसवीन."

पहिल्या दिवशी मिस्त्रीनं दुसऱ्या गाडीची बॅटरी आणून लावली. चरखी तशीच कण्हली. दुसऱ्या दिवशी चरखीची मोटर उघडली, कार्बन पाहिले, दातेरी चाकं धुतली. सगळं ठणठणीत. सगळं परत बसवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर गडी मोटारीला टेकून, जाड वायरीवर तळहात ठेवून, डोळे मिटून बसलेला. माझं डोकंच फिरलं.

"मिस्त्री, तुम्ही करताय तरी काय?"

"ताप बघून राह्यलो."

"कुणाचा?"

"जिथं गरम, तिथं रोग. वीज तिथंच अडून राह्यली. जरा हळू बोला, मुनीमजी."

ड्रायव्हर वजनासकट घडीभर बटण दाबी आणि मिस्त्री वायरीवरून हात फिरवत जाई. बॅटरीची एक पट्टी मोटारीच्या लोखंडी सांगाड्याला बोल्टानं आवळलेली होती. तिथं त्याचा हात गेला आणि चटका बसून मागं आला. "आता सगळे जेवायला जा," तो म्हणाला.

मी निघालो खरा, पण चष्मा विसरला म्हणून अर्ध्या वाटेवरून परतलो. पट्टी सोडवलेली होती आणि मिस्त्री खालचं लोखंड कानशीनं घासत होता. खाली ताजा हिरवा रंग पडत होता.

मला बघून तो दचकला. मग सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं बिघाड समजावून सांगितला. "हितं लोखंडाला लोखंड भिडाया पाहिजे. मधी रंग बसला. थोडी वीज बोल्टाच्या आट्यांतून कशीबशी जाती, त्यावर रिकामी चरखी फिरती. वजन आलं की जादा लागती. ती कुठून जाणार?"

रंग कुणी दिला हे विचारायची गरज नव्हती. खंडेनवमीला कारखान्यातली सगळी अवजारं, ही मोटारसुद्धा, आमचा म्हातारा चौकीदार लिंबाजी रंगवायचा. एकेक पट्टी सोडवून, रंगवून परत आवळायचा, आणि ही जागा दरवर्षी आठवणीनं कोरी ठेवायचा.

"त्याला दिसत न्हाई आता," मिस्त्री खाली बघत म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू हाये. माणसं आवाजावरून वळखतो. आन चौकीदाराला दिसत न्हाई म्हणल्यावर कोण ठिवील?"

मला आठवलं, बरेच महिने लिंबाजी मी खोकल्यानंतरच रामराम घालत होता. आणखीही एक आठवलं. मागं एकदा मीच पावसात पंपाच्या खोलीची खिडकी उघडी टाकून घरी गेलो होतो आणि दुसऱ्या दिवशी पंपाची मोटर जळाली होती. त्याही दिवशी मिस्त्रीनं कारण सांगितलं नव्हतं, आणि मी त्याच्यावरच खेकसलो होतो. त्या कोऱ्या रकान्यानं किती जणांची पोटं सांभाळली होती, कोण जाणे.

दुपारी इंजिन मुकाट्यानं चौथऱ्यावर चढलं. शेठजी वही घेऊन उभे. "कारण?"

"लिवा, मुनीमजी," मिस्त्री म्हणाला. "मिस्त्रीनं बोल्ट बराबर कसला न्हाई."

शेठजींनी वही माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "हंगाम संपला की दुसरी जागा बघा, मिस्त्री."

"जी," तो म्हणाला.

मी तोंड उघडणार होतो. मिस्त्रीनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मी खाली मान घालून लिहिलं. लिहिताना मला स्वतःची लाज वाटली, पण लिहिलं.

शेठजी गेले आणि लिंबाजी काठी टेकत आला. "मी येवढं जपून रंगवलं, मिस्त्री, आन तुमच्याच्यानं एक बोल्ट आवळला जाईना? वय झालं तुमचं."

"व्हय, लिंबाजीभाऊ," मिस्त्री म्हणाला. "नजर गेली माझी. फाटकापर्यंत जरा हात धरता का?"

लिंबाजीनं मोठ्या रुबाबात त्याचा हात धरला. वाटेत चरखीचा दोर आडवा पडला होता. मिस्त्रीनं हळूच त्याच्यासकट वळसा घातला, आणि लिंबाजी त्याला बजावत होता, "सांभाळून. माझ्या मागं मागं या."