शेवंताबाईचे तीन प्रश्न

मुलांनो, आमच्या शेलूबाजारात शेवंताबाईकडून दूध घ्यायचं तर आधी तोंडी परीक्षा द्यावी लागते. माप भरून ती थांबते आणि विचारते, "झोप लागली काय? भाकर खाल्ली काय? कानात कोनी बोलते काय?"

तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय माप कलंडत नाही. तुमचे आजोबा एकदा चिडून "नाही, नाही, नाही!" म्हणाले, तर बाई घरी जाऊन त्यांच्यासाठी गरम भाकर घेऊन आली. मतं मागायला आलेल्या पुढाऱ्यालाही तिने सोडलं नाही. तिसऱ्या प्रश्नाला तो मागच्या कार्यकर्त्यांकडे बघत म्हणाला, "बोलते ना मावशी, पाचजन बोलून राह्यले!"

आम्ही हसलो. ती हसली नाही.

तिचा मुलगा गजू हाणामारीच्या खटल्यात वर्षभरापासून तुरुंगात आहे. तिथे तो भिंतीशी बोलू लागला. बाहेरून मनाचे डॉक्टर एकदाच आले, त्यांनी हे तीन प्रश्न विचारले. "माय, मले कोनीतरी इचारलं," गजू तिला म्हणाला. डॉक्टर पुन्हा आले नाहीत. तेव्हापासून दर भेटीला जाळीबाहेरून तीच विचारते. विसरू नये म्हणून सराव आमच्यावर.

तुरुंगात डॉक्टर हवा म्हणून तिचे अर्ज मी लिहिते. "इंग्रजीत लिवा बाई, सायेब भेते." साहेब भ्याले नाहीत. उत्तर आलं, कायमच्या डॉक्टरसाठी निधी नाही. त्याच महिन्यात तिथे नवे कॅमेरे बसले.

"क्यामेऱ्याले पैसा हाय," ती म्हणाली. "थो निस्ता पाह्यते. इचारते कोन?"

आता भेटीच्या दिवशी मला धास्ती असते. ती जीपमधून उतरली की मी आधी तिचं तोंड बघते. मागच्या खेपेला गजूने नवा सदरा परत केला. "मले आता कायले लागते?" म्हणाला. काल तो बोललाच नाही.

आज सकाळी शेवंताबाईने काही न विचारता दूध ओतलं. शेवटी मीच विचारलं, "शेवंताबाई, झोप लागली का?"

"नाही."

"भाकर खाल्ली?"

तिने मान हलवली.

"कानात कोणी बोलतं का?"

तिने पदराने मापाचा काठ पुसला. बराच वेळ पुसला.

"बोलते. 'माय' म्हन्ते." मग घाईघाईने म्हणाली, "हे अर्जात नका लिवू, बाई. एखांदा डाक्टर आलाच, तं गजूसाठी राहू द्या."