खड्ड्यांच्या रस्त्याने आलेलं लोणी

"उद्यापासून डेअरीला दूध बंद! आपण थेट दारोदार विकायचं. तेही काचेच्या बाटलीतून!" मी गोठ्यात उभा राहून ऐटीत जाहीर केलं. गाईंनीसुद्धा रवंथ थांबवलं.

बाबा वैरण टाकत होते. डेअरीच्या भावात गाईंचं पोट भरेना, म्हणून त्यांनी गाई विकायचं ठरवलं होतं. "उद्या संध्याकाळी व्यापारी येतोय," ते म्हणाले. "तोवर दाखव काय ते. नाहीतर सगळ्या जातील. तांबडीसुद्धा." लाडक्या तांबडीचं नाव घेताना त्यांनी तोंड फिरवलं.

पहाटे निघालो, जवळच्या वस्तीतल्या इमारतीत बाटल्या वाटल्या आणि घरी येऊन चहा ओततोय तोच फोन वाजला. पलीकडे त्या इमारतीतल्या निवृत्त नर्सबाई!

"तुमच्या दुधावर पिवळं काहीतरी बसलंय!"

"साय आहे ती, बाई!"

"पिशवीच्या दुधावर नसते! जन्म दवाखान्यात गेलाय माझा. बाटलीत वर तरंगणारं काहीही चांगलं नसतं!"

मग फोनची रांगच लागली. सगळ्यांना 'साधं' दूध हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय! साय हलवून दुधात मिसळून देतो. सगळ्या बाटल्या गोळा केल्या आणि हलवायला घेतल्या. चौथ्या बाटलीला खांद्यातून कळ आली. तेवढ्यात मला सुचलं, दगडखाणीचा रस्ता! त्या रस्त्यावर माणसाची कवळी जागेवर राहत नाही, तिथे साय काय राहणार? टेम्पो घातला. गेलो, आलो, खात्रीसाठी पुन्हा गेलो!

नर्सबाईंनी दारातच बाटली भांड्यात उपडी केली. थोडं पातळ पाणचट दूध आलं आणि गळ्याशी पिवळाधमक गोळा अडकला.

"आता हे काय?" त्या कडाडल्या. जिन्यावर सगळी इमारत जमली. डोळ्यांसमोर तांबडी व्यापाऱ्याच्या गाडीत चढताना दिसू लागली.

बाईंनी चमच्याने गोळा काढला. हुंगला. जिभेवर ठेवला.

"लोणी," त्या हळूच म्हणाल्या. मग ओरडल्याच, "अहो, ताजं लोणी आहे हे!"

वरच्या मजल्यावरच्या बँकवाल्या साहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे... लोणी दुधातच असतं?"

चमचा हातोहात फिरला. एकेक जण चाखायचा आणि पुन्हा चमचा मागायचा. खरं सांगतो, मीही थक्क झालो होतो. गोठ्यात वाढलो, पण आपल्या दुधात एवढं काही दडलेलं असतं हे मी असं कधी पाहिलंच नव्हतं. मला चक्क रडू आलं!

रिकामे क्रेट आणि उरलेली एक बाटली घेऊन घरी आलो. बाबांनी ती उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिली. मग तांबडीच्या तोंडापुढे नेली. "बघ गं, तुझंच आहे." व्यापाऱ्याला त्यांनी फाटकातूनच परत पाठवलं.

आता साऱ्या वस्तीला लोणी हवंय! मी रोज खाणीच्या रस्त्याने जातो. टेम्पोचा एकेक भाग गळतोय, पण धंदा जोरात आहे.

आणि काल पाहतो तर तिथे डांबराचा रोलर! मी धावत त्याच्या आडवा उभा राहिलो. "थांबा! या खड्ड्यांवर माझं घर चालतं!" मजूर थक्क. मुकादमाने मला सावलीत बसवून पाणी दिलं आणि माझ्या बायकोला बोलावून घेतलं.

तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझा हात धरून उठवत म्हणाली, "अहो, आपल्याकडे रवी आहे ना. ताक घुसळायची."