रामकिसनरावांच्या तीन सुना

माझ्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्या आणि पिठाचा डबा यांच्या मधोमध, एक कॉम्प्युटर आहे. तो माझा नाही. त्याचं काय करायचं हे मला कळत नाही आणि त्याला हात लावायची मला परवानगीही नाही. मी फक्त रोज पावणेचारला त्याच्यावरचं फडकं काढते, कारण बरोबर पावणेचारला शेजारच्या गच्चीवरून हाक येते, "बाई, थोरली जागी हाय का?"

हाक मारणारे रामकिसनराव. परतूरला आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मी शाळेतून निवृत्त झाले तरी गल्लीला मी अजून बाईच आहे. थोरली म्हणजे तो कॉम्प्युटर. मधली समोर रजियाआपांकडे शिलाई मशीनच्या शेजारी बसते आणि धाकटी कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत. या झाल्या तीन सुना. त्यांच्यावर हुकूम चालवणारी सासूबाई रामकिसनरावांच्या बैठकीत, टीव्हीखालच्या कपाटात. चौघी एका बंद पडलेल्या टायपिंग क्लासातून आल्या. त्यांना जोडणाऱ्या निळ्या वायरी गच्चीवरून, माझ्या वाळवणाच्या दोरीला खेटून, रस्ता ओलांडून जातात. चौघींनी मिळून काम एकच करायचं, रोज चार ते पाच सरकारी चॅनल टेप करायचं. टेप आता कुठे शोधूनही सापडणार नाही, पण रामकिसनराव टेपच म्हणतात.

"एका कॉम्प्युटरनं भागत नाही का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"बाई, एका लायनीवर भरवसा ठेवायचा न्हाई. तुमची डीपी वेगळी, आमची वेगळी, आपाची वेगळी. गिरणीची तर लाईनच निराळी. एकीची लाईट गेली तर दुसरी टेप करून राह्यली पाह्यजे. मंग सासूबाई तिघींकडचे तुकडे मागून घेती अन् बराबर जोडती."

"मग एक इन्व्हर्टर घ्या की चांगला."

"सासूला हाय बॅटरी. पण बॅटरीचं काय सांगावं? म्हाताऱ्या माणसासारखी. आत्ता बोलून राह्यली, आत्ता गेली."

रामकिसनराव सगळी नोकरी लाईटीत होते, सबस्टेशनवर ऑपरेटर. नोकरी संपली, भाषा तिथेच राहिली. बायको, म्हणजे आमच्या सुमनवहिनी, रागावल्या की "आज ट्रिप झाली", जेवण जास्त झालं की "लोड आला", पाहुणा दुपारी आडवा झाला की "सप्लाय बंद". आणि या सगळ्यावर त्यांचं एक ठेवणीतलं वाक्य, "टाइम म्हंजे टाइम." भारनियमनाच्या दिवसांत कागदावर चार लिहिलेलं असलं की चारला लाईट जायची, चार वाजून एक मिनिटाला नाही. सख्ख्या मेव्हण्याच्या हळदीला हे गेले नाहीत. ड्यूटीवर होते, आणि ठरल्या मिनिटाला त्यांनी त्याच मांडवाची लाईट घालवली. सासुरवाडीनं दोन वर्षं अबोला धरला होता.

आता माझं दुखणं सांगते. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलासाठी कुंभार पिंपळगावची मंडळी घर बघायला आली. मुलीची आई, मामा, सगळे. पोहे झाले, चहा आला, बोलणं रंगात आलं, आणि पावणेचार वाजले.

"बाई!" गच्चीवरून आवाज. "थोरली तापली का? तिच्यावरचं काढा अन् पंखा सोडा! मधली सकाळपास्नं उठायलाच तयार न्हाई. धाकटीच्या नाकातोंडात पीठ गेलंय, तिला झटकून आणतो!"

मुलीच्या आईचा कप बशीवर वाजला. "तुम्हाला एकुलता एक मुलगा, असं कळलं होतं."

मी त्यांना हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं, फडकं काढून थोरली दाखवली, मधलीचं सांगितलं, सासूचं सांगितलं. जितकं सांगत गेले तितके त्यांचे चेहरे पडत गेले. पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. पत्रिका आम्ही अजून दिलीच नव्हती.

माझं डोकं फिरलं. तशीच मी त्यांच्या गच्चीवर गेले. म्हटलं, "उचला तुमची थोरली. आजच्या आज. शेतीचे आणि पापडाचे कार्यक्रम साठवून कुणाचं भलं व्हायचंय?"

रामकिसनराव वायरीचं भेंडोळं मांडीवर घेऊन कठड्याला टेकून बसले होते. ते उठले नाहीत. खाली वहिनी भांडी घासत होत्या, तिकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून बोलायला लागले.

"बारा-तेरा वर्षं झाली बाई. तुमची तवा बदली व्हती भोकरदनला. हिच्या बचत गटाच्या बाजरीच्या खारोड्या लई गाजल्या व्हत्या. टीव्हीवाल्यांनी औरंगाबादला नेऊन हिची मुलाखत घेतली. पत्र आलं, मंगळवारी सव्वाचारला दाखवणार. अख्खी गल्ली आमच्या घरी येऊन बसल्ती. मी ड्यूटीवर गेल्तो. अन् आमच्या फीडरचा टाइम व्हता चारचा."

मला पुढचं कळलं. तरी मी विचारलं, "मग?"

"मंग काय. चार वाजले. पाडली लाईन."

"अहो, अर्धा तास थांबला असता तर कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"कोणीच न्हाई." ते भेंडोळं उगाच उलगडायला लागले. "घरी आलो, तर ही म्हणे, जेवून घ्या. बस. त्या दिवसापास्नं आजपर्यंत त्याच्यावर एक शब्द न्हाई काढला तिनं. भांडली असती तर सुटलो असतो बाई. गल्लीतल्या बाया तिला हसायच्या, टीव्हीवरच्या बाई म्हणायच्या. ती बी हसायची त्यांच्यासंगं. मी टीव्हीवाल्यांना किती पत्रं घातली. ते म्हणले, जुने कार्यक्रम दुपारी फिरून दाखवतो, कोणता कधी ते सांगता येत न्हाई. म्हंजे कवाबी येईल. तिनं स्वतःला एकदा बघावं, एवढंच हाय माझं. या खेपेला लाईट जायला नको."

मी खाली आले. थोरली जागची हलवली नाही. फडकं मात्र बदललं, जुनं फार तेलकट झालं होतं.

यंदाच्या वैशाखात एका दुपारी वावटळ सुटली. रामकिसनराव डोळे दाखवायला जालन्याला गेले होते. जाताना मला, रजियाआपांना आणि गिरणीवाल्याला तीन-तीनदा बजावून गेले होते. त्यांच्या घरची लाईट तीनलाच गेली होती आणि वहिनी जरा आडव्या झाल्या होत्या. सव्वाचार झाले असतील, तेवढ्यात रजियाआपा खिडकीतून ओरडल्या, "बाई, जल्दी या! भाभी टीव्हीवर!"

या वयात मी रस्ता पळत ओलांडला. उंबऱ्यात पाय टाकला आणि त्यांची लाईट गेली. तशीच उलटी पळत घरी आले, तर माझीही गेलेली. राहिली गिरणी. मी आणि मागून आलेल्या आपा तिकडे धावलो. धाकटीवर पिठाचा थर होता, तिला पडदाच नव्हता. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकत होता. आम्ही दोघी त्या दिव्याकडे बघत उभ्या राहिलो.

"भाभीला आत्ता सांगू नका," आपा म्हणाल्या. "भाईजान येऊ द्या."

सातच्या सुमारास ते आले, तोवर सगळीकडची लाईट परत आली होती. डोळ्यांत औषध घातल्यामुळे त्यांना समोरचं सगळं धूसर दिसत होतं. उद्या बघा म्हटलं, तर ऐकेनात. चाचपडतच सासूबाई सुरू केली. पहिला तुकडा माझ्या थोरलीचा निघाला, पुढचा मधलीचा, शेवटचा धाकटीचा. थोरलीचा मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? आम्ही वहिनींना हाताला धरून समोर बसवलं.

टीव्हीवर वहिनी आल्या. काळेभोर केस, हिरवी इरकली, पुढे खारोड्यांचं ताट. "अगं बाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि तोंडाला पदर लावला. रामकिसनराव पडद्याला नाक लावून बसले होते. त्यांना दिसत काहीच नव्हतं, ते फक्त ऐकत होते. बाजरी कशी भरडायची, तीळ कधी घालायचे, सगळं झालं. मग मुलाखत घेणारीनं विचारलं, घरची साथ मिळते का?

"मिळती की," टीव्हीतल्या वहिनी म्हणाल्या. "आमचे मालक लाईटीत हायेत. समदं गाव त्यांना शिव्या देतं. पण माणूस लई सरळ हाय. सोताच्या घराची लाईन सुदिक कधी राखली न्हाई त्यांनी. मला त्याचा लई अभिमान हाय. आता हे बी त्यांना ऐकू जायचं न्हाई. ड्यूटीवर असतील."

पुढे जाहिराती लागल्या. कुणी बंद केल्या नाहीत. रामकिसनराव तसेच पडद्याशी बसून होते आणि त्यांचे खांदे हलत होते. डोळ्यांतल्या औषधानं पाणी येतंय, असं त्यांनी सांगून पाहिलं. आम्ही हो म्हटलं.

बऱ्याच वेळानं ते वळले. वहिनी नेमक्या कुठे बसल्यात हे त्यांना दिसत नव्हतं, म्हणून अंदाजानंच त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "मंग हे मला इतक्या वर्षांत सांगितलं काहून न्हाई?"

वहिनी उठल्या, पदरानं त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "टीव्हीवर सांगितलं व्हतं की. अजून कसं सांगायचं?"